माळावरचे खड्डे

सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी पोंचो, विंडचीटर, सॅक आणि टी-शर्ट शिवण्याचा आमचा छोटा कारखाना अहिल्यानगरला सावेडीत आहे. धंद्यातला थोडा पैसा निसर्गाच्या कामाला द्यायचा, हे सुरुवातीलाच ठरलं होतं आणि ते आम्ही पाळलंही. तरीही त्या पैशातून आमच्या हातून नुकसान झालं. ते कसं झालं, ते मी इथे लिहिते आहे. आमच्यासारखे व्यावसायिक, ट्रेकिंगचे गट आणि कंपन्यांचा सामाजिक निधी सांभाळणारे अधिकारी आजही त्याच वाटेने जाताना दिसतात, म्हणून लिहिणं गरजेचं वाटतं.

आमच्यापुढे आदर्श होता गिर्यारोहणाचे कपडे बनवणाऱ्या पॅटागोनिया कंपनीचा. इव्हॉन शुइनार्ड या गिर्यारोहकाने 1973 मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा गावी ती सुरू केली. 1985 पासून ही कंपनी विक्रीच्या 1 टक्का रक्कम पर्यावरणाच्या कामाला देते. नफ्याच्या नव्हे, विक्रीच्या. म्हणजे वर्ष तोट्यात गेलं तरी देणं चुकत नाही. 2002 मध्ये शुइनार्ड आणि मासेमारीच्या सामानाचं दुकान चालवणारे क्रेग मॅथ्यूज यांनी मिळून इतर व्यावसायिकांसाठी ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ ही संस्था काढली. 2022 मध्ये तर शुइनार्ड कुटुंबाने कंपनीची मालकीच सोडली. मतदानाचा हक्क असलेले 2 टक्के समभाग एका ट्रस्टकडे गेले आणि उरलेले 98 टक्के निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेकडे. धंद्यात परत न गुंतवलेला नफा आता त्या कामाला जातो.

हे वाचून मी भारावले आणि त्यातला 1 टक्का तेवढा उचलला. त्या टक्क्याआधी काय घडलं होतं, याकडे लक्षच दिलं नाही. शुइनार्ड मुळात लोहारकाम करून कड्यात ठोकायचे पोलादी खिळे बनवत असत आणि त्यांचा बराचसा धंदा त्याच खिळ्यांवर चालायचा. पुन्हा पुन्हा ठोकून आणि उपटून योसेमिटीचे कडे विद्रूप होत आहेत, हे दिसल्यावर त्यांनी तो माल हळूहळू बंद करायचं ठरवलं. 1972 च्या कॅटलॉगमध्ये त्याऐवजी हाताने बसवता आणि काढता येणारी साधनं पुढे केली, आणि खिळा न ठोकता कडा कसा चढावा हे सांगणारा लांबलचक लेखही छापला. आपल्या मालाने काय बिघडतंय, हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःला विचारला होता. मी देणगीपासून सुरुवात केली आणि तो प्रश्न राहूनच गेला.

1 टक्क्याचं करायचं काय, याचं उत्तर आम्हाला फार पटकन सुचलं. प्रत्येक विंडचीटरमागे एक झाड. तसं लेबल छापलं, ते चेनच्या रनरला अडकवलं. गिऱ्हाईक ते वाचून खूश व्हायचं. जागा मिळाली कर्जत तालुक्यात, एका गावच्या गायरानावर. उन्हाळ्यात गेलो तेव्हा समोर पिवळं पडलेलं उघडं माळरान होतं. सातबाऱ्यावर पोटखराबा, सरकारी भाषेत पडीक. मलाही ते तसंच दिसलं. इथे हिरवळ आणायची या विचाराने आम्ही ग्रामपंचायतीचं पत्र घेतलं आणि मे महिन्यात खड्डे घ्यायला सुरुवात केली.

ते खड्डे अजून डोळ्यांपुढे आहेत. वर जेमतेम वीतभर माती आणि तिच्यात गवताच्या मुळांचं इतकं दाट जाळं, की टिकाव अडकायचा. त्याखाली थेट मुरूम. मुळांचे ते गठ्ठे आम्ही कडेला भिरकावले. काम चाललं होतं तेव्हा टिटव्या ओरडत अगदी डोक्यावर झेप घेत होत्या. मजूर हात उडवून त्यांना हाकलत होते. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालते आणि तिचा विणीचा काळ उन्हाळ्यातच सुरू होतो. धाविक पक्षीही त्याच दिवसांत, तसाच उघड्यावर अंडी घालतो. पावसाच्या आधी खड्डे तयार हवेत म्हणून लागवडवाले निवडतात तो काळ आणि माळावरच्या पक्ष्यांच्या विणीचा काळ एकच. खेड्यात वाढलेल्या माणसाला टिटवी का ओरडते हे ठाऊक असतं, मलाही होतं. लागवडीचा दिवस ठरला होता, गिऱ्हाइकांना बोलावलं होतं, म्हणून मी काम थांबवलं नाही.

मेंढरं घेऊन आलेले एक वयस्क धनगर बराच वेळ बघत उभे होते. शेवटी म्हणाले, “ताई, झाडं लावायची तर वढ्याच्या कडंला लावा, गावात लावा. हितं गवत हाय म्हणून आमची मेंढरं हायती.” मी त्यांना समजावलं की झाडं आली की पाऊस वाढेल, सावली होईल, सगळ्यांचंच भलं होईल. ते काही बोलले नाहीत. ज्यांनी जन्मभर तो माळ पायाखाली घातला त्यांना मी माळाचं भलं समजावत होते. याची लाज मला पुढे फार वाटली.

आम्ही लावलं ते प्रामुख्याने गिरिपुष्प. ते लवकर वाढतं, हिरव्या पाल्याला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे जगलेल्या झाडांचा आकडा चांगला दिसतो. उन्हाळ्यात टँकरने पाणी घातलं. जगलेल्या झाडांचे फोटो काढले. नंतर गवताळ प्रदेशांवर काम करणाऱ्या एका अभ्यासक बाई आमच्या विनंतीवरून तिथे आल्या. आपल्या कामाचं कौतुक होईल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी आधी लागवडीबाहेरच्या मोकळ्या माळावर दोरीने एक चौकोन आखला आणि गुडघ्यावर बसून गवतं वेगळी करून दाखवली. ही मारवेल, ही पवना, ही कुसळी. गवताच्या बुडाशी किडे, कोळी, एक चंडोलाचं रिकामं घरटं. मग तसाच चौकोन आमच्या गिरिपुष्पाखाली आखला. तिथे गाजरगवत होतं, तरोटा होता आणि उघडी माती होती. त्या मला रागावल्या नाहीत. दोन्ही चौकोनांची यादी करून कागद माझ्या हातात दिला.

त्या कागदानंतर मी अभ्यासाला लागले. आमच्या जिल्ह्याचा पूर्व आणि दक्षिण भाग पर्जन्यछायेत येतो. उथळ माती आणि थोडा पाऊस, त्यामुळे इथली नैसर्गिक संपत्ती म्हणजे गवत आणि मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ. काळवीट लांबवर नजर ठेवतं आणि वेगाने पळून जीव वाचवतं, त्याला दाट झाडी नकोच असते. लांडगा, खोकड, धाविक, तणमोर ही सगळी उघड्या माळाची प्रजा. एके काळी माळढोक या भागात होता, म्हणून सोलापूर आणि आपल्या जिल्ह्यातल्या माळरानांवर 1979 मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्याच कर्जत तालुक्यात रेहेकुरीला 1980 पासून काळविटांचं अभयारण्य आहे, अवघं 2.17 चौरस किलोमीटरचं. आम्ही त्याच तालुक्यात खड्डे घेत होतो आणि काळवीट कुठे राहतं, काय खातं, हे तिथे जाऊन पाहण्याची तसदी आम्ही घेतली नव्हती. रेहेकुरीला एक सकाळ घालवली असती तरी ती लागवड झाली नसती.

झाडांना माझा विरोध नाही. नगरपासून जवळच्या हिवरे बाजारला जाऊन पाहा. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, श्रमदानातून समतल चर खोदले, झाडं लावली, पण त्याबरोबर गवतही राखलं. ते गवत गावकरी विळ्याने कापून नेतात. पावसाचं पाणी मोजून, कुठली पिकं घ्यायची हे ताळेबंद मांडून ठरवतात. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टने केलेलं पाणलोटाचं कामही गावाच्या सहभागावरच उभं राहिलं. दोन्हीकडे कुठे काय लावायचं आणि कुठे चराई बंद ठेवायची, हे गाव बसून ठरवत होतं. आमच्या लागवडीत ते सावेडीतल्या कटिंग टेबलाभोवती ठरलं. फरक तिथेच पडला.

दुसरी चूक अकोले तालुक्यातली. भंडारदऱ्याच्या परिसरात, घाटघर, मुरशेत, पांजरे, उडदावणे, रतनवाडी या गावांच्या आसपास, मेअखेरीपासून जोराचा पाऊस सुरू होईपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्यावर काजवे चमकतात. ते पाहायला दूरदूरहून माणसं येतात. कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा टापू. एका सहलीच्या गटाला आम्ही मदत म्हणून डोक्याला बांधायचे पांढऱ्या प्रखर उजेडाचे दिवे फुकट दिले. दिव्याच्या पट्ट्यावर आमचं नाव होतं. काजव्याचा उजेड हा नर-मादीतला इशारा असतो. नर चमकतो, मादी उत्तर देते, मग मिलन होतं. प्रौढ काजव्याचं आयुष्य अगदी थोड्या दिवसांचं असतं. त्या अंधारात शंभर पांढरे दिवे फिरवणं म्हणजे ते बोलणंच बंद पाडणं. काजव्यांच्या अळ्या ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात वाढतात, गोगलगायी खातात. वाट सोडून झाडाखाली शिरणाऱ्या पायांखाली पुढच्या वर्षीचे काजवे तुडवले जातात. त्या रात्री आम्ही एका सादड्याखाली उभे होतो. लोकांनी दिवे वर रोखले आणि झाडावरची लय तुटत गेली. आमच्यासोबतचा गावातला वाटाड्या तरुण म्हणाला, “दिवे बंद करा म्हटलं तर लोक ऐकत नाहीत, आणि दिवे तुम्हीच दिलेत.” त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कळसूबाईवरची गोष्टही तशीच. 1,646 मीटरचं हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. सुटीच्या दिवशी बारी गावातून वर जाणाऱ्यांची रांग लागते. तिथे आम्ही स्वच्छता मोहीम घेतली आणि येणाऱ्या प्रत्येकाला पॉलिस्टरचा टी-शर्ट दिला. एकेक टी-शर्ट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. कचरा गोळा करायला आलेल्या मुलांनी पायथ्याशीच त्या पिशव्या फोडल्या आणि संध्याकाळी आम्ही गोळा केलेल्या पोत्यांत त्याच पिशव्या वरपर्यंत भरलेल्या होत्या. शिवाय पॉलिस्टर दर धुण्याला बारीक तंतू सोडतं. ते गटारातून ओढ्यात, नदीत जातात. त्या मोहिमेतले बरेच टी-शर्ट पुढे कुणी घातलेही नसतील, कारण मागितलेले नव्हते.

आपल्या मालाकडे असं पाहायला मला पॅटागोनियाच्याच एका अनुभवाने शिकवलं. 1988 मध्ये त्यांच्या बोस्टनच्या नव्या दुकानात नोकरांची डोकी दुखू लागली. सुती कपड्यांवर सुरकुत्या पडू नयेत म्हणून वापरलेलं फॉर्माल्डिहाइड हवेत पसरत होतं. त्यावरून त्यांनी कापसाचा मागोवा थेट शेतातल्या फवारणीपर्यंत घेतला आणि 1996 पासून सगळा सुती माल सेंद्रिय कापसाचा केला. खर्च वाढला, काही माल बंद करावा लागला, तरी केला. महाराष्ट्रात कापूस म्हणजे काय आणि फवारणी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तरी मी आमच्या कापडाचा मागोवा पुरवठादाराच्या गाळ्यापलीकडे कधी घेतला नव्हता.

आता सर्वांत मोठी चूक. माळ, काजवे आणि कळसूबाई या तिन्ही चुकांचं नुकसान थोडंफार भरून निघण्यासारखं होतं. हिचं निघालं नाही.

माळावर गिरिपुष्प लावल्यानंतर काही काळाने, जवळच्याच दुसऱ्या गावचे काही लोक कारखान्यात आले. त्यांचं गायरान एका प्रकल्पाला देण्याचा प्रस्ताव होता. त्यांना माझ्याकडून रोपं नको होती. माळाची नोंद करून देणारा अभ्यासक हवा होता, जुने सातबारे आणि फेरफार काढायला, झेरॉक्सला आणि कलेक्टर कचेरीत खेपा घालायला पैसे हवे होते, वकिलाची फी हवी होती. त्यांनी मागितलेली रक्कम आमच्या एका लागवडीच्या खर्चापेक्षा कमी होती. मी चहा दिला आणि नकार दिला. “आम्ही वादात पडत नाही,” असं म्हटलं. परवाने, बँकेचं कर्ज, मोठी गिऱ्हाइकं, सगळं डोक्यात होतं. त्या गायरानाचा मोठा भाग पुढे गेला. माझ्या पैशाने तो वाचलाच असता असा दावा मी करत नाही. मात्र लढायला उभ्या राहिलेल्या माणसांना लागणारी मदत माझ्या हातात असताना मी ती दिली नाही, हे खरं आहे.

जे काम फोटोत येतं त्याला पैसा मिळतो, जे कागदावर चालतं त्याला मिळत नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि त्यात पर्यावरणही येतं. पण रोपाला विरोधक नसतो. हक्कासाठी भांडणाऱ्या गावाला असतो. म्हणून पैसा रोपाकडे वळतो. पॅटागोनियाच्या गोष्टीतला मी वगळलेला दुसरा भाग हाच होता. 1970 च्या दशकात व्हेंचुरा नदी मेलेली आहे असं सांगणाऱ्या तज्ज्ञांसमोर मार्क कॅपेली नावाच्या तरुण विद्यार्थ्याने नदीतल्या जिवंत जीवांची चित्रं मांडली. कंपनीने त्याला काय दिलं? बसायला जागा, टपालासाठी पेटी आणि लढ्यासाठी थोडा पैसा. आजही ती कंपनी लहान, स्थानिक, आपल्या नदीसाठी आणि जंगलासाठी उभ्या राहिलेल्या गटांना निधी देते. माणसं आधीच उभी होती, कंपनीने त्यांचा भार थोडा हलका केला.

आपल्या जिल्ह्याला हे परकं नाही. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे राज्यात माहिती अधिकाराचा कायदा आला आणि 2005 मध्ये तो देशभर झाला. सरकारी फायलीत गायरानाचं काय चाललंय, हे गावाला त्याच कायद्याने कळतं. गायरानं आणि गावतळी ही गावाची सामायिक मालमत्ता आहे, त्यावरची अतिक्रमणं हटवा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात 2011 मध्ये दिला आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायची मुभा आणि जबाबदारी दिली आहे. कायदे आहेत. ते वापरायला लागणारा वेळ, प्रवास, झेरॉक्स आणि जाणकार माणूस गावाकडे नसतो.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं आपल्या मनाने जपलं. बायफ संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली, बियाणं साठवायला आणि ते इतर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवायला मदत झाली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संस्थेने त्यांना काय पेरावं हे शिकवायला घेतलं नाही, त्यांना जे ठाऊक होतं त्याला बळ दिलं. मदत अशी करायची असते.

आम्ही काय बदललं, तेही सांगते. झाडाचं लेबल बंद केलं आणि का बंद केलं हे गिऱ्हाइकांना लिहून कळवलं. काही नाराज झाले. कर्जतच्या त्या माळावर ग्रामसभेच्या ठरावाने गिरिपुष्प छाटून पाला शेतात खताला गेला, बोर आणि बाभूळ राहू दिली, पवन्याचं बी टाकलं. खड्ड्यांच्या जागी गवत अजूनही विरळच आहे. फुकट टी-शर्ट बंद. माल मोठ्या पुठ्ठ्यात एकत्र जातो. अकोल्याला दिले होते तसे दिवे आता देत नाही, आणि काजव्यांच्या सहलींना मदत करायची वेळ आली तर ती वाटाड्यांच्या मानधनाला जाते, म्हणजे दिवे बंद करा असं सांगताना त्यांच्या शब्दाला वजन येतं. दुकानात दुरुस्तीचं टेबल मांडलं. रनर गेला, चेन तुटली, शिवणीवरची टेप सुटली, की लोक नवं जर्किन घ्यायला येत. आता आमचा कारागीर आधी जुनं पाहतो. त्याने विक्री घटली, हे खरं आहे. ती घटणार हे धरूनच ते टेबल मांडलं आहे.

विक्रीचा 1 टक्का अजूनही जातो. आता तो जैवविविधता नोंदवही करणाऱ्या समित्यांच्या प्रवासाला, माळाची पाहणी करणाऱ्या अभ्यासकांना आणि कागदपत्रं काढणाऱ्या गावकऱ्यांना जातो. काय करायचं हे ते ठरवतात. आम्ही हिशेब मागतो, फोटो मागत नाही. वादात पडतो का, असं आता कुणी विचारलं तर सांगते, हो, कायद्याच्या चौकटीत राहून पडतो.

तुमचा धंदा लहान असो की मोठा, निसर्गासाठी पैसे बाजूला काढले असतील तर रोपवाटिकेत जाण्याआधी ग्रामसभेत जा. तिथे मेंढरं राखणाऱ्याला, गवत कापणाऱ्या बाईला विचारा. पडीक म्हणून दाखवलेल्या जमिनीवर आधी एक वर्ष नुसतं पाहा, तिन्ही ऋतूंत. आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल तर ‘एका कपड्यामागे एक झाड’ असं लेबल दिसल्यावर दुकानदाराला विचारा, झाड कुठलं, लावलं कुठे आणि त्या जागी आधी काय होतं. मला कुणीतरी हे वेळेवर विचारायला हवं होतं.